साधारण एक तास लागेल

४ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

कामापुरतं लिहितोय. चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, घरी काही वाईट घडलेलं नाही. तुझी वहिनी बरी आहे.

तिचं बोलायचं मशीन बिघडलंय. तिनं एका बोटानं शब्द जुळवायचे आणि मशीननं ते तिच्याच आवाजात म्हणायचे, ही तुझी करामत तिचा आवाज पूर्ण गेल्यापासून अडीच वर्षं बिनतक्रार चालली. मागच्या मंगळवारी पडद्यावर एक चौकट आली. नवी सिस्टीम आली आहे, अपग्रेड करायचं का, असं विचारत होती. कुणाचा तरी हात लागला असेल. ते सुरू झालं आणि बासष्ट टक्क्यांवर अडकलं. संध्याकाळी बासष्ट. सकाळी उठून पाहिलं, बासष्ट. मग आपलं आपणच बंद पडलं, आपलं आपणच सुरू झालं, पुन्हा बंद पडलं. दिवसभर त्याचं तेच.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी आता कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान झालंय. तिथल्या बाई येऊन गेल्या. जुनं जेवढं हाती लागलं तेवढं त्यांनी बाजूला काढून ठेवलं, सिस्टीम नव्यानं टाकली आणि बोलायचा प्रोग्रॅम पुन्हा बसवला. आता तो लायसन्स की मागतो. पाच-पाच अक्षरांचे पाच गट. ती तू कुठेतरी लिहून ठेवली असशील. तेवढी कळव.

फोन करणार होतो. माझा नंबर तू बंद केलायस हे ठाऊक आहे. शेजारच्या मावशींच्या फोनवरून लावला तर तू ‘हॅलो’ म्हणालास, मी ‘अरे’ म्हणालो आणि तू ठेवून दिलास. असो. हा पत्ता तू वहिनीला लोकरी मोजे पाठवले होतेस त्या पार्सलवरचा आहे. बदलला नसावा.

सोबत कार्ड जोडलंय, त्यावर आपला पत्ता घातलाय. तुला फक्त पंचवीस अक्षरं लिहायची आहेत.

दादा


१२ मार्च

चि. बारक्या,

की सापडली. मशीनच्या खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूला तूच लिहून ठेवली होतीस. पण तुझं अक्षर लहानपणापासून कोंबडीचे पाय. बी आहे की आठ, ओ आहे की शून्य, कळायला मार्ग नाही. मी आपल्या घड्याळाच्या दुकानातून भिंग आणलं, डोळ्याला लावलं, आणि एकेका अक्षराची वळणं बघत बसलो. शून्य तू वरून सुरू करतोस आणि ओ बाजूनं, एवढं शोधून काढायला मला एक दुपार लागली.

पाच वेळा चुकलं की ते चोवीस तास दार लावून घेतं. असे चार दिवस गेले. रोज ‘इनव्हॅलिड लायसन्स की’. पाचव्या दिवशी निरोप बदलला. ही की दुसऱ्या मशीनवर वापरात आहे, म्हणे.

मी बाईंना बोलावलं. त्या खुर्ची ओढून बसल्या, वाचलं आणि म्हणाल्या, “काका, की बरोबर आहे.”

“मग घेत का नाही?”

“सिस्टीम नवी टाकली ना, त्याला हे मशीन परकं वाटतंय. त्याच्या मते की जुन्या मशीनवर अजून चालू आहे.”

“जुनं मशीन हेच आहे.”

“हो. पण ते त्याला कोण सांगणार?”

“मी सांगतो की.”

त्या हसल्या नाहीत, हे बरं केलं. मग त्यांनी समजावलं. प्रोग्रॅम तुझ्या नावावर नोंदवलेला आहे, तुझ्या ईमेलवर. तू तुझ्या खात्यात जाऊन जुनी नोंदणी सोडवलीस की की मोकळी होईल. कुठूनही करता येतं म्हणे. घरी यायची गरज नाही.

चौतीस वर्षं मी घड्याळं उघडतोय. बंद पडलेल्या घड्याळात काहीतरी असतंच. धुळीचा कण असतो, वाळलेलं तेल असतं, केसाएवढी स्प्रिंग वाकलेली असते. उघडलं की दिसतं, दिसलं की हात चालतो. इथे उघडायला काही नाही. काच, आणि काचेवर एक वाक्य.

पहिल्या पत्रात लिहिलं की वहिनी बरी आहे. तशी ती आहे. पण बोलणं बंद म्हणजे सगळंच बंद. आम्ही पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून पाटी केली. मी ओळींवरून बोट खाली खाली न्यायचं, हवी ती ओळ आली की ती पापणी मिटते. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. बोटात तिच्या बटण दाबण्यापुरतीच ताकद उरली आहे, म्हणून हे डोळ्यांचं.

शनिवारी सकाळी तिनं ‘पा’ केलं. मी म्हटलं, पाणी? आणलं, तोंडाला लावलं, तिनं घेतलं नाही. पाय? पाय सरळ केले. पाठ? कुशीवर वळवलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिनं डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की बोलणं संपलं, असा तिचा नियम आहे. मी दुकानात निघून गेलो. दुपारी मावशी तिच्याजवळ बसायला आल्या, त्यांनी पुढचं अक्षर विचारलं. ‘ल’. पाल होती. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर, सकाळपासून. तिला पालीची किती किळस आहे ते तुला सांगायला नको.

तेवढी नोंदणी सोडव.

दादा


१९ मार्च

चि. बारक्या,

हे पत्र रजिस्टर्डनं पाठवतोय.

कंपनीला फोन केला. पन्नास मिनिटं वाजंत्री ऐकली. मग एक मुलगी बोलली, स्वभावानं चांगली वाटली.

“आपण खातेदार आहात का?”

“नाही. मी नवरा आहे.”

“खातेदाराचा?”

“नाही हो. आवाजाचा.”

मी सगळं सांगितलं. आजार कुठला, मशीन कसलं, की कुठे सापडली. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “मला समजतंय सर. पण खातेदाराशिवाय मी खातं उघडूही शकत नाही.”

“खातेदार माझा सख्खा भाऊ आहे.”

“मग त्यांनाच फोन करायला सांगा ना.”

आता तिला काय सांगणार होतो. मी म्हटलं, तो जरा कामात असतो.

मग तिनं जे सांगितलं त्यासाठी हे पत्र. ती कंपनी दुसऱ्या कुणी विकत घेतली आहे आणि हा प्रोग्रॅम बंद होतोय. एकतीस मार्चपर्यंत की तपासून देतील. त्यानंतर नाही. ज्यांचं चालू आहे त्यांचं चालू राहील.

“आमची की बरोबर आहे, तरी?”

“बरोबर आहे हे तपासायलाच कुणी नसेल, सर.”

बारक्या, मला तुझ्यापाशी हात पसरायचा अधिकार नाही, ते कळतं. मी तुझ्यावर हात उगारला. एकतीस वर्षांच्या बाप्याला, मावशींच्या आणि त्यांच्या सुनेच्या देखत. त्या दिवसाचं मी कधी कुणाशी बोललो नाही, तुझ्याशीही नाही. आज लिहितो.

वहिनीच्या आजाराचं निदान झालं तेव्हा तू म्हणालास, आवाज चांगला आहे तोवर वाक्यं बोलून घेऊ, पुढे मशीन त्यावरून हवं ते बोलेल. मला ते अभद्र वाटलं. माणूस चालतं-बोलतं असताना त्याचा आवाज डब्यात भरायचा. तरी तुम्ही दोघांनी मागच्या खोलीत तीन आठवडे बसून ते केलं. आठशे वाक्यं. मी दुकानातून आलो की दाराआडून ऐकू यायचं, ती हसायची, चुकायची, पुन्हा म्हणायची.

पुढे आवाज बनून आला त्या दिवशी मी हात धूत होतो आणि आतून तिनं हाक मारली, “अहो, जरा इकडे या ना.” मी “आलो” म्हणालो आणि ओल्या हातानं आत गेलो. ती पलंगावर गाढ झोपली होती. हाक मशीननं मारली होती. तू त्याच्यासमोर बसला होतास, आनंदानं तोंड फुललं होतं तुझं. म्हणालास, “दादा, ओळखू आलं नाही ना?”

मी तुला मारलं. या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस म्हणालो. नऊ वर्षांचा होतास तेव्हा आई-बाबा गेले, आणि लग्न होऊन वर्षही न झालेल्या माझ्या बायकोनं तुला पोटाशी घेतलं. त्या घरातून तुला घालवायचा मी कोण, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

हे माझ्यासाठी करू नकोस. तिच्यासाठी कर. एकतीसच्या आत.

तुझा दादा


२५ मार्च

चि. बारक्या,

पोचपावती आली. सही तुझीच आहे. म्हणजे पत्रं मिळतात.

बाई रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन की टाकून बघतात. रोज तेच उत्तर. मी विचारलं, तुम्ही एवढं का करता, तर म्हणाल्या, “काका, सिस्टीम मी पुसली ना.” मी म्हटलं, तुमचा काय दोष. दोष कुणाचा ते मला माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर तो बसतोय हेही दिसत होतं.

पहिल्या पत्रात लिहिलं, कुणाचा तरी हात लागला असेल. हात माझा होता. चुकून लागलेला नव्हता.

ती चौकट आठवडाभर येत होती. जानेवारीत घरी इंटरनेट घेतलं, तिला बातम्या ऐकता याव्यात म्हणून, त्याच वाटेनं ती घरात शिरली. रोज मी ‘नंतर’ दाबायचो.

तिनं त्या दिवसांत एकच धोशा लावला होता. तुझा. “हाकललं तुम्ही, बोलवायचंही तुम्हीच.” हेच वाक्य. सकाळी मी दाढी करताना, मी जेवताना, चपला घालताना. एकदा जुळवून ठेवलं होतं तिनं, मग नुसतं बटण दाबायचं. तुला माहीत आहे तिचा आवाज तापला की कसा चढतो. मशीनमध्ये तोही उतरला होता. समोर ती हलत नाही, चेहऱ्यावर काही नाही, आणि आवाज मात्र चालत्या-बोलत्या बाईचा, ठणठणीत, भांडणारा. भीक नको पण कुत्रं आवर अशी गत झाली होती माझी.

त्या मंगळवारी तिनं ते सलग अकरा वेळा वाजवलं. मी म्हटलं, पुरे. तिनं बारावं वाजवलं. तेवढ्यात चौकट आली. त्यात लिहिलं होतं, अपग्रेड होईपर्यंत मशीन वापरता येणार नाही, साधारण एक तास लागेल.

मला तो एक तास हवा होता, बारक्या. तिच्याकडे बघून मी ‘होय’ दाबलं. ती बघत होती. तिला वाचता येतं.

एक तास घर शांत होतं. मी खुर्चीत बसलो, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

अजून एक आहे. तेही आता लिहूनच टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. मागच्या वर्षी तू दुकानात आलास. मी मान वर केली नाही, भिंग डोळ्यालाच ठेवलं. तू विचारलंस, “वहिनीला एकदा भेटू का?” मी म्हणालो, “ती म्हणते, नको येऊस.” भिंतीवरची सगळी घड्याळं चालू होती. मग तू गेलास.

ती तसं कधीच म्हणाली नव्हती. तू आला होतास हेच तिला माहीत नाही. तिला वाटतं तू रागानं येत नाहीस. तुला वाटतं ती रागावली आहे. दोघांच्या मधे मी एक वाक्य ठेवलं आणि तुम्ही दोघं त्याच्या अलीकडे-पलीकडे वर्षभर बसून आहात.

आता सहा दिवस राहिलेत. या पत्रातल्या गोष्टी वाचून तुझं मन आणखी कडू होईल आणि तू काहीच करणार नाहीस, अशी भीती वाटते. पण लपवूनही तू काही केलं नव्हतंस. म्हणून लिहिलं.

तुझा दादा


२९ मार्च

बारक्या,

आज सकाळी बाईंनी सवयीनं की टाकली आणि मशीननं ती घेतली. “काका, कुणीतरी नोंदणी सोडवली,” म्हणाल्या. कुणी, ते मी त्यांना सांगितलं. आवाज अजून लावायचा आहे, उद्या लावतो म्हणाल्या.

तू चार ओळीसुद्धा लिहिल्या नाहीस. ठीक आहे. हात जोडतो.

दादा


७ एप्रिल

चि. बारक्या,

हे शेवटचं. यानंतर तुला त्रास देणार नाही.

तीस तारखेला बाईंनी बाजूला काढून ठेवलेल्या फायलींतून वहिनीचा आवाज परत लावायला घेतला. त्यांनी फायली पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्या. मग म्हणाल्या, फाइल अर्धीच आहे. बासष्ट टक्क्यांवर अडकलं तेव्हा आवाज हलवायचं काम चालू होतं. अर्धा इकडे राहिला, अर्धा तिकडे पोचलाच नाही. कंपनीला फोन लावला. आवाज पुन्हा बनवायला मूळ वाक्यं लागतात आणि कंपनीचं मशीन लागतं, आणि ते दुसऱ्या दिवशी बंद होणार होतं. बनवायला आठ दिवस लागतात.

तर आता मशीन बोलतं, पण कुठल्यातरी परक्या बाईच्या आवाजात. स्वच्छ आवाज आहे. रेल्वे स्टेशनवर गाड्यांची वेळ सांगतात तसा. वहिनीनं पहिलं वाक्य जुळवलं, “उशी जरा वर घ्या.” ते ऐकलं. तिनं पुन्हा तेच वाजवून बघितलं. मग नजरेनं बटणाकडे खूण केली, बंद करा म्हणून. त्यानंतर तिनं ते सुरू करू दिलेलं नाही. बाई रडल्या. मला रडताही आलं नाही, कारण ती माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी मी पाटी धरली. ती काही सांगायला लागली. ‘आ’. मी तोंड उघडणार होतो, मिटून घेतलं. ‘ता’. मी काही म्हणालो नाही. ‘तु’. ‘म्ही’. जोडाक्षराला फार वेळ लागतो, त्याची पाटीवर सोय नाही. माझा हात भरून आला, मी दुसऱ्या हातात पाटी घेतली. पाऊण तासानं वाक्य पुरं झालं.

आता तुम्ही बोला.

सव्वीस वर्षांच्या संसारात मी किती बोललो असेन. तुला माहीत आहे. हो, नाही, बघू. तुझी पत्रं मी आधी वहीत कच्ची लिहितो, मग पक्की करतो. ती वही आणली आणि पहिल्यापासून वाचून दाखवली. सगळी. पालीचं वाचलं तेव्हा तिच्या डोळ्यांत हसू आलं. तुला मारल्याचं तिला माहीतच होतं. अपग्रेडचं वाचलं तेव्हाही ती बघतच राहिली, तेही तिला माहीत होतं. मग तू दुकानात आला होतास ते वाचलं.

तिनं डोळे मिटले.

त्याला आज आठ दिवस झाले. ती मावशींशी पाटीवर बोलते. बाई येतात, त्यांच्याशी बोलते. मी भरवलं तर खाते, कूस बदलली तर बदलू देते. मी पाटी उचलली की डोळे मिटते. आवाज असता तर भांडली असती. अकरा वेळा काय, शंभर वेळा तेच वाक्य वाजवलं असतं आणि मी ऐकलं असतं. आता ती गप्प आहे, आणि तिच्या मनात काय चाललंय ते कुठल्याच मशीनमधून मला काढता येणार नाही.

बाई म्हणतात, ती मूळ आठशे वाक्यं तुझ्याकडे असतील, तू पुसली नसशील. त्यांतून नवं काही बोलता येणार नाही, ते आता कायमचं गेलं. पण होती तशी ऐकता येतील. असतील तर आण. नसतील तर मोकळ्या हातानं ये. तिला ती वाक्यं नको आहेत, तू हवा आहेस. काल मावशींपाशी पाटीवर तिनं तुझं नाव जुळवलं. मावशींनी मला येऊन सांगितलं, तिनं सांगायला सांगितलं नव्हतं तरी.

मी घरी असेन म्हणून बिचकू नकोस. सकाळी दहाला मी दुकानात जातो, सहापर्यंत येत नाही. दार मावशी उघडतील, त्यांना सांगून ठेवलंय. पाटी धरायला फार काही शिकावं लागत नाही. तिच्या नजरेच्या रेषेत धर, खिडकीचा उजेड पाठीमागे घेऊ नकोस, बोट सावकाश ने. आणि बोलणं संपवून तू सहाला उठलाच पाहिजेस असं काही नाही. मी दुकान बंद केलं की हल्ली जरा फिरून येतो. नदीच्या पुलापर्यंत जातो, तिथे बाक आहे. तू असलास तर तिथेच बसेन. तुम्हाला वेळ लागेल.

दादा